एर्सिलियाच्या तळघराचं दार

गोष्ट सांगायच्या आधी सेकोन्दोकाका पाच मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलतो. त्या रात्री जेवणं उरकून आम्ही त्याच्या अंगणात बसलो होतो. माझा मावसभाऊ मिर्को म्हणाला, "काका, गुडघा राहू द्या आता. भुताचं सांगा."

"भूतबीत काही नाही. घडलेलं आहे. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत."

"म्हाताऱ्यांच्या गोष्टी नेहमी ओळखीच्याच माणसाच्या कशा असतात?" मी म्हटलं.

"पोरी, कॉलेज सोडलंस. आता ऐकून घ्यायचंही सोडलंस का?"

मग त्यानं सांगितलं ते असं.

देल्मो नावाचा ड्रायव्हर होता. समुद्राकडचा, कामोल्यीचा. परदेशी पाहुण्यांना गाडीतून सावकाश फिरवायचा. त्या खेपेला डेन्मार्कचं एक वयस्क जोडपं होतं. दोन दिवस किनाऱ्यावर मासे खाल्ले, एक दिवस आक्वीच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसले, मग उत्तर इटलीतल्या आमच्या या मोन्फेर्रातोच्या टेकड्या चढून आले. घाई म्हणून नाही. बाक दिसला की बसायचं, चर्च दिसलं की आत जायचं. मुक्कामाला उतरले एर्सिलियाकडे. एर्सिलिया म्हणजे गावातली विधवा बाई. द्राक्षमळा तिचा, आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची.

तारीख नऊ ऑक्टोबर, दोन हजार चौदा. गुरुवार. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली. द्राक्षांची तोडणी संपत आली होती आणि तळघरातल्या पिंपांत वाइनसाठी रस आंबत होता.

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी पाहुणा म्हणाला, आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, लग्नाच्या सालच्या वाइनची एखादी बाटली मिळेल का.

"आहे ना," एर्सिलिया म्हणाली. "पिंपांच्याही खाली, दगडात कोरलेल्या खोलीत, उजव्या हाताला. देल्मो, तूच आण रे बाबा. माझ्यानं आता उतरवत नाही." एवढं सांगून ती झोपायला गेली. पाहुणे वर गच्चीत वाट बघत बसले.

"आता नीट ऐका," काका म्हणाला. "तळघराच्या दाराशी भिंतीत एक खाच आहे. तिथे दोन मेणबत्त्या. या दिवसांत खाली जाणारा त्यातली एक पेटवून नेतो. आंबणाऱ्या रसातून हवा सुटते, ती जड. वास नाही. पाण्यासारखी खाली साचते, माणूस तिच्यात गुदमरतो. मेणबत्ती विझली की मागे फिरायचं. आणि वरच्यांनाही कळतं, खाचेत एक कमी, म्हणजे खाली माणूस आहे."

"हे देल्मोला कोणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत असतं."

"तो कामोल्यीचा."

काका पुढे सांगू लागला.

देल्मोनं मोबाइल नेला. मोबाइलचा उजेड हवा बघून विझत नाही. पिंपांमधून वाट काढत तो अगदी खालच्या खोलीत उतरला. बाटली सापडली. तेवढ्यात वर अडसर पडल्याचा आवाज झाला. रात्री तळघराकडे शेवटची फेरी मारणाऱ्यानं खाचेत बघितलं होतं. दोन्ही मेणबत्त्या जागेवर. दार लावून तो घरी गेला.

देल्मोनं हाक मारली. दगडानं ती गिळली. मोबाइलला रेंज नव्हती. डोकं जड झालं. समुद्राकडच्या माणसाला एवढं कळतं की बुडताना वर जायचं. बाटली टाकून तो पायऱ्यांवरून रांगत वर गेला. दाराखाली बोटभर फट होती. त्यानं लाकडाला गाल लावला, फटीशी तोंड नेलं. गार हवा आली. थोडीशी. एका माणसापुरती.

मोबाइल खालीच कुठेतरी पडला होता. उजेड दिसेनासा झाला.

तो श्वास घेत राहिला. एक... दुसरा...

मग मागची पायरी वाजली.

त्याला वाटलं, उंदीर. पुन्हा एक पायरी. सावकाश. रांगत येणाऱ्या माणसासारखी. त्याच्या पोटरीला काहीतरी टेकलं. मग कमरेला. मग खांद्याला खांदा लागला... थंड, ओला. आंबलेल्या रसाचा वास.

कानाशी कुणीतरी म्हणालं, "जरा सरक."

देल्मो हलला नाही.

"सरक ना... मला पण."

आवाज तरुण होता. चिडलेला नव्हता. रांगेत उभा असलेला माणूस बोलतो तसा.

देल्मो सरकला. बोटभर. मग आणखी बोटभर. त्याच्या वाट्याची फट कमी होत गेली. शेजारी कुणीतरी आत ओढत होतं... ओढतच होतं. बाहेर सोडत नव्हतं.

काका थांबला.

"मग?" मी म्हटलं.

"पाहुणे सभ्य. दीड तास थांबले, कुणाला त्रास नको म्हणून. पावणेएकला त्यातली बाई पायमोज्यांवरच खाली आली आणि एर्सिलियाला उठवून म्हणाली, आमचा ड्रायव्हर बाटली आणायला गेलाय, अजून आला नाही. दार उघडलं. देल्मो जिवंत होता. परत या टेकड्यांवर आला नाही तो."

"आणि तो दुसरा?"

"एवासिओ असेल. एर्सिलियाचा दीर. अठ्ठावन्न साली, तरुणपणीच, तळघरात वारला. छातीत कळ आली म्हणून."

"छातीत कळ."

"तसंच सांगितलं होतं सगळ्यांना."

"म्हणजे त्याच्यावरही कुणीतरी दार लावलं. आणि छप्पन्न वर्षं तुम्ही सगळे तोंड मिटून बसलात. एकानं जरी बोलून टाकलं असतं, तरी त्या देल्मोच्या हातात कुणी मेणबत्ती दिली असती. बरं, त्या रात्री अडसर कोणी घातला, काका?"

काकानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले.

"खाच बघूनच घातला मी," तो म्हणाला. "दोन्ही होत्या."

गुडघ्याबद्दल न बोलता तो उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एर्सिलियाकडे गेले. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे. काही न विचारता तिनं तळघराचं दार पूर्ण उघडून आतली बाजू माझ्याकडे केली.

"त्या रात्री इथे श्वासाचे दोन ओले डाग होते," ती म्हणाली. "देल्मोचा सकाळपर्यंत वाळला."

खाली, फटीच्या जरा वर, लाकडावर तळहाताएवढा काळा डाग होता. मी बोट लावलं. बोट ओलं झालं.