दारांची फाइल

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडे. निवृत्त ड्राफ्ट्समनकाकांकडे तो पोचला तेव्हा तीन वाजले होते. साडेचारला मुलीची शाळा सुटायची. काल त्याला पाऊण तास उशीर झाला होता, आणि सहा वर्षांची ती पोर फाटकाशी रडून रडून लाल झाली होती. आज वेळेवर येतो, असं त्यानं तिला सकाळी दोनदा कबूल केलं होतं.

काका पहिल्या मजल्यावर एकटेच राहत. नव्या कॉम्प्युटरवर त्यांना नकाशे काढायचा वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम चालवायचा होता. त्यात त्यांनी याच घराचा नकाशा काढून ठेवला होता, खिडकीच्या गजांपर्यंत सगळं मापात.

"नवा प्रोग्रॅम घ्या की, काका."

"या वयात नवी बायको करायला सांगताय तुम्ही," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

प्रोग्रॅम सुरू केला की एकच रड: अमुक सिस्टिम फाइल सापडत नाही. डॉक्टरनं पेन ड्राइव्हमधून ती फाइल दिली. लगेच दुसरी हवी झाली. तीही दिली, तर तिसरी. चार वाजून पाच मिनिटांनी नवीच तक्रार आली: चिन्हांची फाइल खराब आहे. नकाशातली दारं, खिडक्या, जिने ही सगळी चिन्हं प्रोग्रॅम त्या फाइलीतून उचलायचा.

"त्याच नावाची माझ्याकडे आहे एक," डॉक्टर म्हणाला.

या धंद्यात एक नियम आहे. जुन्या फाइलीचं नाव बदलून ती बाजूला ठेवायची, मगच नवी आणायची. डॉक्टर हे गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगायचा. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! घड्याळाकडे पाहत त्यानं जुन्या फाइलीवर सरळ नवी चढवली.

नकाशा उघडला. खोल्या बरोबर होत्या, मापंही बरोबर होती. काका चष्मा पुसून पुढे वाकले.

"दारं कुठायत?"

भिंतींच्या रेघा सलग गेल्या होत्या. कुठेही तुटलेल्या नव्हत्या.

खालच्या रस्त्यावरचे हॉर्न थांबले होते. केव्हा थांबले, ते डॉक्टरला आठवेना. पंखा फिरत होता, पण हवा खोलीतल्या खोलीतच घोटाळत होती. तो उठला आणि मागे वळला.

दाराशेजारचा बटणांचा बोर्ड जागच्या जागी होता. त्याच्या बाजूला भिंत होती. फिकट पिवळा रंग, खाली ओलीचे पोपडे, दोन बुजवलेली खिळ्यांची भोकं. खिडकीच्या जागीही भिंत, तशीच जुनी. त्यानं तळहातानं ठोकून पाहिलं. भरीव आवाज आला.

"काका, दार इथेच होतं ना?"

"मीच बसवून घेतलं होतं. सव्वातीन फुटी." काका स्क्रीनकडे वळले. "जुनी फाइल परत टाका."

"नाहीये. वरून चढवली की जुनी राहत नाही."

"मग ही काढून टाका."

त्यानं पुसून पाहिली. फाइल वापरात आहे, पुसता येणार नाही. पुन्हा पाहिलं. तेच.

त्यानं कॉम्प्युटरच्या प्लगला हात घातला. काकांनी मनगट धरलं.

"नको. अजून भिंती तरी आहेत."

 डॉक्टरच्या डोळ्यांसमोर फक्त शाळेचं फाटक येत होतं. चार एकावन्न.

फोन लागला. शाळेतल्या मावशींनी उचलला.

"मावशी, मी अडकलोय. पोरीला तुमच्यापाशी बसवून ठेवा, पाया पडतो."

"अहो, थट्टा करताय का? आत्ताच तर घेऊन गेलात."

"कोण? कोण घेऊन गेलं?"

"तुम्हीच की. बरोब्बर साडेचारला हजर." मावशी हसल्या. "पण आज फार रडली हो. हे माझे बाबा नाहीत म्हणे. फाटक सोडेचना. शेवटी मीच बोटं सोडवली तिची."