फर्गसचा श्वास

भुताला न घाबरणारा माणूस अख्ख्या टास्मानियात एकच, बर्नी ट्रेस्कॉट! असं बर्नीच सांगत फिरे. झोपताना दिवा मात्र चालू ठेवी. उंदरांसाठी म्हणे.

शनिवारी दुपारी तो आपल्या जोडीने गाणाऱ्या नेरिडाला घेऊन मेंढ्या कातरायच्या जुन्या शेडमध्ये सामान आवरायला गेला. आदल्या संध्याकाळी दोघांनी तिथे लोकांसमोर अल्बम रेकॉर्ड केला होता. ड्रम नाही, विजेची वाद्यं नाहीत. बर्नीची लाकडी गिटार, नेरिडाचा गळा आणि मधे एक माइक. लोकांना असंच उघडंवाघडं गाणं आवडतं. खुर्ची कुरकुरते, तारेवर बोट घसरतं, मागे कुणी खोकतं, आणि गाणारा आपल्याच शेकोटीपाशी येऊन बसल्यासारखा वाटतो.

सोमवारी नेरिडाच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगेनात. हे रेकॉर्डिंग बिघडलं तर पुन्हा होणं नाही.

शेडमध्ये लोकरीचा तुपट वास दाटला होता. फळ्यांच्या फटींतून वारा कण्हत होता. कालचं रेकॉर्डिंग ऐकायला बर्नीने यंत्र लावलं.

आधी शांतता. मग दारापाशी कुणीतरी श्वास ओढला... लांब, नाकातून, शेवटी बारीक शिट्टी. त्यासरशी गिटार आणि गळा एकदम सुटले.

"गाणं झकास उचललंस की!" बर्नी म्हणाला.

"मी तुझ्या श्वासावर उचललं."

"माझ्या? मी तर तुझ्या..."

या मंडळींनी एक-दोन-तीन मोजून गाणं कधी सुरू केलंच नव्हतं. व्हायोलिनवाला फर्गस आपल्या मोडक्या नाकाने श्वास ओढायचा, शिट्टी वाजायची, की तिघं सुटायचे. हाडीमाशी मुरलेली सवय. कालही ते तसेच सुटले होते. फर्गसला तर गेल्या हिवाळ्यात पुरलं होतं.

"म्हाताऱ्या, तुझा चावटपणा असेल तर आत्ताच बक," नेरिडा म्हणाली. "त्याच्या व्हायोलिनच्या पेटीत रबरी साप तूच ठेवला होतास."

"साप माझा. हे नाही... आईशपथ."

दुसऱ्या गाण्याआधी श्वास बाकांपाशी आला. मग पुढच्या बाकापाशी. शेवटच्या गाण्याला तो माइकला तोंड लावून होता...

टाळ्या झाल्या. बर्नीने खटकन बटण दाबलं.

"श्वास तेवढे कापून टाकू," तो म्हणाला.

"पहिला सूर त्यालाच चिकटलाय. श्वास कापलास तर माझा आवाजही जाईल."

तेवढ्यात पुन्हा... लांब श्वास. बारीक शिट्टी.

बर्नीची डाव्या हाताची बोटं हवेतच तारा दाबू लागली. नेरिडाचे ओठ आपोआप उघडले. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

बर्नी कसाबसा हसला. "हा शेवटचा तरी कापतोच. टाळ्यांनंतर कशाला हवाय?"

बोटांच्या फटीतून नेरिडा पुटपुटली, "कापशील कुठून? यंत्र तर तू मघाशीच बंद केलंस."