मुलाकडची माणसं

उल्हासनगरच्या एका बॅगांच्या दुकानात अस्मिता भाचीसाठी दप्तर घ्यायला गेली होती. बघते तर बाजूला एक उंच, चष्मेवाला पोरगा 'इम्पोर्टेड' बॅगेवर हात फिरवत उभा. दुकानदार शपथा घेतोय, "साईं, सीधा सिंगापूर से!" आणि पोरगा भोळ्यासारखा मान हलवतोय. हिला राहवेना.

"अहो, सिंगापूर मागच्या गल्लीत आहे. शिलाई मशीनचा आवाज येतोय, ऐका."

पोरगा हसला. कसा? तर आधी डोळे हसले, मग बाकीचा माणूस.

"मी अमेरिकेतून सुट्टीवर आलोय हो. मला काय कळतंय?"

"मग बॅग तिकडूनच आणायची ना!"

"तिकडे सांगायला... तुम्ही नसता ना."

झालं! तिथंच गडबड झाली.

पोराचं नाव यज्ञेश. अंबरनाथचा, बाप ऑर्डनन्स फॅक्टरीत ऑफिसर. ही बदलापूरची, हेंद्रेपाड्यातली, बौद्ध घरची पोरगी, अंबरनाथच्या एका कंपनीत बिलं बनवायची. फोन झाले, भांडणं झाली, रुसणं झालं, आणि पुढच्या सुट्टीत बेलवलीच्या हॉलमध्ये लग्नच झालं. पांढरी साडी, समोर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, सगळं रीतसर. फक्त मुलाकडचं एकही माणूस आलं नाही.

मग नवरा तिकडं, बायको इकडं, आणि मधे व्हिसाची फाइल. वर्षं गेली बघा. शेवटी एकदाची इंटरव्ह्यूची तारीख आली. यज्ञेशही रजा टाकून आला. रोज संध्याकाळी गच्चीवर प्रॅक्टिस. तो व्हिसावाला साहेब, ही उमेदवार.

"मॅडम, तुमचे पती घोरतात का?"

"घोरतात. उठवलं की बोलतात, मी जागाच होतो."

"हे साफ खोटं आहे, मॅडम."

"साहेब, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही झोपता का त्यांच्या शेजारी?"

साहेब कानापर्यंत लाल झाला. इंटरव्ह्यू तिथंच बंद पडला.

पण उल्हासनगरच्या व्हिसा एजंटनं लग्नाचे फोटो बघितले आणि कपाळाला हात लावला. "बेटी, आग किधर है? फेरे किधर? लड़के के माँ-बाप किधर? साहब बोलेगा, ये शादी है कि मीटिंग?"

यज्ञेशनं हे फोनवर आईच्या कानावर घातलं. दुसऱ्याच दिवशी कुमुदिनीबाई, म्हणजे त्याची आई, पहिल्यांदा हेंद्रेपाड्यातल्या घराची पायरी चढल्या. अस्मितानं चहा ठेवला पुढ्यात.

"हे बघ, मागचं सोडून दे," त्या म्हणाल्या. "रविवारी गुरुजींना बोलावू. होम करू, सप्तपदी करू. आम्ही सगळे येतो, फोटोला उभे राहतो. तुझं काम होईल, आणि आमच्याही मनाला बरं वाटेल गं."

बाई वाईट नव्हत्या. आवाज खरोखर ओला होता. आणि हो म्हटलं तर मिळणार काय होतं? यज्ञेशसोबतचा संसार.

"आई, मग आधी झालं ते काय होतं? तालीम?"

"तसं नाही गं..."

"अस्मि," यज्ञेश हळूच बोलला, "फोटोपुरतंच तर—"

"फोटोपुरतं तू कर. दुसरी बघ कोणीतरी आणि तिच्याशी कर. माझं झालंय लग्न!"

कुमुदिनीबाई उठल्या. चहा तसाच राहिला. यज्ञेश त्यांना स्टेशनवर सोडून आला, पण गच्चीवरचा साहेब त्या दिवसापासून गप्पच झाला.

इंटरव्ह्यूच्या दिवशी अस्मितानं तेच फोटो पर्समध्ये घातले आणि मुंबईला वकिलातीत एकटी आत गेली. काचेपलीकडे गोरी बाई, बाजूला मराठी दुभाषी. बाईनं एका फोटोवर बोट ठेवलं.

"ह्यात मुलाकडची माणसं कोणती?" दुभाष्यानं विचारलं.

खोटं बोलायला किती सोपं होतं! यज्ञेशच्या बाजूच्या खुर्च्या गच्च भरलेल्या दिसत होत्या.

"एकही नाही," अस्मिता बोलली. "हा माझा बुधाजीमामा, ह्या शेजारच्या बनूबाई. तिकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तो सारखा तिकडं बघत होता... म्हणून मी स्टेजवरून खाली उतरले, आणि माझीच अर्धी माणसं त्याच्या बाजूला नेऊन बसवली."

"त्याचे आईवडील?"

"मी बौद्ध आहे, म्हणून नाही आले. आता बोलतात परत लग्न कर, मग फोटोला येतो. मी 'नाही' बोलले. ज्याला बघायचंय त्यानं हेच बघावं."

दुभाष्यानं सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. गोऱ्या बाईनं फोटोतल्या त्या खुर्च्यांवरून बोट फिरवलं. मग हसली, आणि पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट ठेवला म्हणजे व्हिसा झाला, एवढं एजंटनं अस्मिताला शिकवलं होतं.

बाहेर यज्ञेश फुटपाथवर उभा, घामानं निथळतोय. ही रिकाम्या हातानं आली, तोंडावर काही नाही. तो तर तिला बघताच बोलत सुटला.

"नको सांगूस. 'नाही' बोलले ना ते? बोलू दे! मी येतो इकडं. नोकरी शोधतो, मिळेपर्यंत तू पोस मला. आणि आत्ताच आईला फोन केला मी. सांगितलं, गुरुजी नको, होम नको. माझं लग्न झालंय, मी स्वतः हजर होतो तिथं! त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं, पण तोंड उघडलं नाही माझं... अस्मि, तुझ्याशिवाय नाही जमत गं मला. खड्ड्यात गेली अमेरिका."

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पासपोर्ट ठेवून घेतला त्यांनी."

"म्हणजे...?"

"म्हणजे झालं!"

तो मटकन फुटपाथवरच बसला. "मग एवढं बोलू का दिलंस मला?"

ती त्याच्या शेजारी टेकली. भर रस्त्यात त्याचा हात हातात घेतला. गेटवरचा पोलीस बघत होता. बघेना का!

"एवढी वर्षं हेच ऐकायला थांबले होते," ती बोलली. "परत बोल. आणि जरा मोठ्यानं बोल."