नकाशाबाई स्वतंत्र होतात

तो वर्गाच्या दारात आला, तेव्हा नकाशाबाई नव्या स्मार्ट फळ्यावर डस्टर घासत होत्या, आणि फळा पुसला जात नव्हता.

फळ्यावर निळ्या चौकटीत लिहिलं होतं – 'हात लावून सुरुवात करा.' बाईंना वाटलं, आधीच्या तासाला कुणीतरी लिहून ठेवलं आणि नेहमीप्रमाणे पुसलं नाही. त्या भूगोल शिकवत. काखेत कायम गुंडाळलेला नकाशा असायचा, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं होतं.

दारातल्या तरुणाच्या खांद्याला पिशवी होती, आणि पिशवीतून वायरी लोंबत होत्या.

"आलात एकदाचे!" बाई म्हणाल्या. "तो बघा. कालपासून नुसता करकरतोय."

तरुणानं वर पाहिलं. पंखा खरोखरच करकरत होता. तो काहीतरी सांगणार होता... पण बाईंचे डोळे मोठे होते, आणि आवाज डोळ्यांहून मोठा. त्यानं मुकाट्यानं पंखा बंद केला, बाकावर चढला, वर काहीतरी आवळलं आणि उतरून पंखा लावला. करकर थांबली.

"छान. ऑफिसात सही करून जा."

"सही केली मी. मी... फळ्यासाठी आलोय. प्रशिक्षक."

"मग पंख्याला कशाला हात लावलात?"

"तुम्ही सांगितलंत."

इतक्या सरळ उत्तराची बाईंना सवय नव्हती. मागे सरकताना त्यांचा तळवा फळ्यावर टेकला, आणि फळा सूचनेबरहुकूम सुरू झाला.

प्रशिक्षक येण्यामागे कारण होतं. प्रत्येक शिक्षकाची व्यावसायिक वाढ झालीच पाहिजे आणि ती वर्ष संपायच्या आत झाली पाहिजे, असं संस्थेनं ठरवलं होतं. वाढीचं उद्दिष्ट ज्यानं त्यानं स्वतःच्या मनानं ठरवायचं होतं. ते काय असावं हे मात्र मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं : 'वर्गातल्या तंत्रज्ञानाबाबत स्वतंत्र होणे.' कुणाची मदत न घेता नव्या फळ्यावर एक अख्खा तास घेऊन दाखवायचा. ज्याला जमेल तो स्वतंत्र. सगळे स्वतंत्र झाले, की प्रशिक्षक दुसऱ्या शाळेत.

नकाशाबाईंची नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्यांच्यापुढे उद्दिष्टाला जोडून आणखी एक गोष्ट होती – स्वतंत्र झाल्या तर कायम, नाही झाल्या तर घरी.

प्रशिक्षक प्रत्येकाच्या तासाला मागच्या बाकावर बसायचा आणि तास संपला की बोलायचा. पहिल्या तासानंतर नकाशाबाईंना तो म्हणाला, "तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. आणि तुम्ही वाळवंट असं सांगता, की तहान लागते. फक्त – फळ्यावरचं चित्र उलटं दिसतंय, तेवढं सरळ करू या."

बाई त्या दिवशी घरी चालत गेल्या. रिक्षा करायची आठवणच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "अगं, तो प्रशिक्षक काय गोड बोलतो! मला म्हणाला, तुमचे आकडे मोत्यासारखे."

"मला म्हणाला, हालचालीत लय आहे," कोपऱ्यातून पीटीचे सर म्हणाले. त्यांनी नवा कंगवा घेतला होता. केसांचा प्रश्न वेगळा.

"त्यांना तसं शिकवलेलंच असतं," गणिताच्या बाईंनी खुलासा केला. "आधी दोन शाबासक्या, मग एक सूचना. माणूस दुखावत नाही."

नकाशाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. म्हणजे वाळवंट नियमातलं होतं! पण... तहानसुद्धा? तहान कोण शिकवतं?

त्या मुळात शंकेखोर. त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुढचा तास मुद्दाम इतका वाईट घेतला, की समोरच्या बाकावरच्या मुलीला डुलकी लागली. फळ्यावर काही दाखवलं नाही. चालू केला आणि बंद केला, बस्स. आता याचं कौतुक कर म्हणावं!

तास संपल्यावर प्रशिक्षकानं वही उघडली आणि मिटली. मग म्हणाला, "आज तुम्ही बटण फार आत्मविश्वासानं दाबलंत."

"आणि दुसरी शाबासकी?"

"दोनदा दाबलंत."

बाईंना हसू आलं, आणि आपण हसलो म्हणून रागही आला. परीक्षेचा निकाल मात्र काही लागला नाही. हा माणूस नियम पाळतोय, की नियमाच्या आड काही लपवतोय? त्या वर्गात आल्या की हा उठून उभा राहायचा. पण तो तर शिपाई आला तरी उभा राहायचा! तो त्यांच्याकडे बघायचा... पण बघणं हेच त्याचं काम. अशा माणसाचं करायचं काय?

इकडे एकेक जण स्वतंत्र होत गेला. गणिताच्या बाई झाल्या. पीटीचे सर झाले. त्यांनी फळ्यावर सूर्यनमस्कार दाखवले आणि मग तेच स्वतः करून दाखवले, म्हणजे फळ्याची गरज उरली नाही, पण मोठ्या बाईंनी ते धरलं. शेवटी नकाशाबाई एकट्या राहिल्या. त्यांना काही केल्या फळा यायचा नाही. कधी चित्र अडकायचं, कधी आवाज जायचा, कधी बाईंचं बोट भलत्याच ठिकाणी पडायचं. आणि प्रशिक्षक आता फक्त त्यांच्यासाठी शाळेत येऊ लागला.

"आम्ही सगळे स्वतंत्र झालो, तू अजून पारतंत्र्यात?" गणिताच्या बाई म्हणाल्या.

"डोकंच चालत नाही गं माझं."

"चालत नाही की चालवत नाहीस? आणि आजकाल फळ्याच्या तासाला कानात डूल घालून येतेस, ते फळ्याला ऐकू यावं म्हणून का?"

नकाशाबाईंनी नकाशा उघडून तोंडासमोर धरला.

खरी गोष्ट अशी होती, की फळा त्यांना येत होता. नुसता येत नव्हता, चांगला येत होता. शाळा भरण्याआधी रिकाम्या वर्गात त्या त्याच्यावर ज्वालामुखी फोडायच्या, वारे वाहवायच्या. आणि तो आला, की भलतं बटण दाबायच्या. यात शहाणपणा नाही हे त्यांना कळत होतं. पण फळा आला तर तो जाणार होता, आणि नाही आला तर त्या स्वतः जाणार होत्या. दोन्हीकडून विरहच. फक्त एकात पगार चालू राहत होता.

मग एक दिवस मोठ्या बाईंनी बोलावलं. "येत्या गुरुवारी तुमचा तास. मी बसणार आहे. मध्येच प्रशिक्षकांना विचारलंत, तर मला तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, मलाही वरून विचारतात."

घरी आईनं ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "तू फळा शिकतेयस की फळा शिकवणारा?"

"आई! काहीतरीच काय!"

"काहीतरीच असतं तर भाजीवर साखर पेरली नसतीस."

बाईंनी ताटाकडे पाहिलं. पेरली होती.

"त्याच्या मनात काय आहे, ते तरी ठाऊक आहे का?"

"नाही ना! कळतच नाही गं. तो सगळ्यांशीच चांगला वागतो."

"मग अवघड आहे," आई म्हणाली. "वाईट वागणाऱ्याचं लगेच कळतं. खा आता. गोड झालीय."

गुरुवार आला. विषय भरती-ओहोटी. पहिल्या बाकाशेजारी खुर्ची टाकून मोठ्या बाई बसल्या. सगळ्यात मागे प्रशिक्षक. आत येताना तो हळूच म्हणाला होता, "अडलं तर हात वर करा. मी आहे." हे 'मी आहे' कुठल्या नियमातलं, याचा विचार करायला आता वेळ नव्हता.

तास सुरू झाला. फळ्यावर चंद्र फिरू लागला, त्याच्या ओढीनं समुद्र फुगू लागला. पाणी किनाऱ्यावर चढत चढत आलं आणि – थांबलं. चित्र अडकलं. या वेळी खरोखर. समुद्र भरतीतच राहिला. पुढे येईना, मागे जाईना.

मोठ्या बाईंनी चष्मा सारखा केला.

काय करायचं ते नकाशाबाईंना नीट माहीत होतं. त्यांना हेही माहीत होतं, की आपण नुसता हात वर केला तर तो धावत येईल, शेजारी उभा राहील, आणि उद्याही येईल. निदान काही दिवस. त्यांचा उजवा हात उठला. खांद्यापर्यंत आला. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

त्यानं मान हलवली. अगदी हळू, डावीकडून उजवीकडे. नको.

नको? म्हणजे याला जायचंय! बाईंच्या डोळ्यांसमोर अंधारलं आणि त्याच क्षणी डोकं लख्ख झालं. वर गेलेला हात त्यांनी तसाच फळ्यावर नेला. एक चौकट मिटली, दुसरी उघडली, चंद्र जागेवरून उचलून पुढे ठेवला. समुद्र मुकाट ओसरला. मग त्या थांबल्याच नाहीत. त्यांनी चंद्र लांब नेला, जवळ आणला, सूर्याला शेजारी बसवलं, मुलांना पुढे बोलावून हातानं समुद्र ओढायला लावला. यातलं निम्मंसुद्धा प्रशिक्षकानं कधी शिकवलं नव्हतं. त्याला स्वतःलाच येत नव्हतं.

"कायम," जाताना मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या.

मुलं गेली. तो मागच्या बाकावरून उठला, पिशवीत वायरी भरू लागला. एकच वायर तो पुन्हा पुन्हा गुंडाळत होता.

"मान का हलवलीत?" बाईंनी विचारलं. आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे पोचला.

"तुमची नोकरी गेली असती."

"आणि मला येत नसतं तर?"

"येतं तुम्हाला. पूर्वीच आलंय. एकदा मी लवकर आलो होतो, खिडकीतून पाहिलं. तुम्ही ज्वालामुखी फोडत होतात. एकट्याच. आणि त्याला ओरडून सांगत होतात – थांब, अजून नाही! मी दारात आलो, तर लगेच चित्र उलटं केलंत."

बाईंचे कान तापले. "मग... तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही स्वतंत्र झाल्या असत्या."

बाईंनी नकाशा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"म्हणजे तुम्ही वर कळवत होतात, की या बाईंना काही येत नाही?"

"'अजून बराच सराव लागेल' असं. खोटं बोलायची सवय नाही मला. फार त्रास झाला."

"आणि तुमच्या त्या शाबासक्या? त्या तर सगळ्यांनाच!"

"हो. तुमच्या वेळीच अडचण व्हायची. दोनवर थांबायचं असतं ना..." तो वायरीशी बोलत होता. "बाकीच्या मी घरी जाऊन बहिणीला सांगायचो. ती कंटाळलीय."

नकाशाबाईंना हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्यांनी खिडक्या लावायला घेतल्या. शेवटच्या खिडकीपाशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आता तुम्ही माझे प्रशिक्षक नाही."

"नाही."

"मग आता कामाचं काही बोलायचं नाही. बोला."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. वायर खाली ठेवली. "मला तुम्ही... म्हणजे मी तुम्हाला... रोज भेटायला काही कारण लागेल का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंतही लागत नव्हतं. पण ते आपल्याला कोण सांगणार?"

ते फाटकाबाहेर आले. त्याला नव्या शाळेत रुजू व्हायचं होतं, त्यासाठी बस पकडायची होती. बाई उजवीकडे वळल्या.

"बसचा थांबा डावीकडे आहे ना?" त्यानं विचारलं.

"डावीकडेच आहे," भूगोलाच्या बाई म्हणाल्या, आणि उजवीकडे चालत राहिल्या.

त्यानं एकदा डावीकडे पाहिलं. बस उभी होती, दार उघडं होतं, रिकाम्या जागाही दिसत होत्या. मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन तो झपझप पावलं टाकत बाईंच्या बरोबरीला आला.