चौथं पातं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. तेही मध्यरात्री नाही की स्मशानात नाही. रविवारी, दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात, जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजच्या मागच्या खोलीत. ज्यांच्या बाबतीत घडलं, ते शिक्केकाका आजही त्या खोलीत एकटे थांबत नाहीत.

शिक्केकाका म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे पारखी. रेडिएटरमागचा पंखा समोर ठेवा. त्यावर ठोकलेला शिक्का, नंबर आणि पाती जोडणारे रिव्हेट बघून ते सांगणार, पंखा गाडीच्या जन्मापासूनचा आहे की नंतर कुणी चिकटवलेला. काका बायकोचा वाढदिवस विसरतील पण शिक्का विसरणार नाहीत, असं गॅरेजात सगळे म्हणायचे.

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे काकांचे दाजी, तिथेच फिटर होते. शिक्क्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास कानांवर. पंखा बसवण्याआधी ते पान्याने एकेक पातं वाजवून बघायचे. चांगलं पातं टण् वाजतं.

तडा गेलेलं वाजतं... ठप्प.

गेल्या वर्षी एका दातांच्या डॉक्टरांची गाडी प्रदर्शनाला जायची होती. तिच्यासाठी काकांनी चार पात्यांचा पंखा शोधून काढला. शिक्का बरोबर, साल बरोबर. काका हरखून गेले. रंगही देऊन घेतला. दाजींनी सवयीने पाना उचलला.

“अहो दाजी, वाजवू नका! ताजा रंग उडेल. परीक्षक भिंग लावून बघतात.”

“रंगाआधी मागून बघितला होतास ना नीट?”

“बघितला हो.”

बघितला नव्हता.

शिक्का पुढच्या बाजूला होता. आणि एकदा शिक्का दिसला की काकांना दुसरं काही दिसत नसे.

दाजींनी पाना खिळ्याला अडकवला. मेव्हण्याच्या शब्दावर त्यांचा डोळे झाकून विश्वास. संध्याकाळी बॉनेट उघडं ठेवून त्यांनी इंजिन जोरात फिरवलं. चौथं पातं रिव्हेटपाशी तुटलं आणि थेट त्यांच्यावर आलं.

दाजी दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

तुटलेल्या कडेला जुना गंज होता. म्हणजे तडा जुना होता. मागून सहज दिसला असता. काकांनी तो गंज पाहिला आणि तोंडातून ब्र काढला नाही. लोक म्हणाले, फिटरने न तपासता पंखा बसवला. काकांनी म्हणू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मेलेला माणूस थोडाच साक्ष द्यायला येतो?

सहा महिन्यांनी ते सुरू झालं.

टेबलावर एखादा पंखा ठेवून काका हात धुवायला गेले की मागून आवाज यायचा...

टण्.

टण्.

टण्.

आणि मग काहीच नाही.

काका नळ बंद करून, श्वास रोखून चौथ्या आवाजाची वाट बघत. तो यायचाच नाही. परत येऊन बघावं तर पाना खिळ्यावर. पंखा टेबलावर. फक्त... उलटा. शिक्का खाली, पाठ वर.

मग तो रविवार आला. काकांनी नुकताच रंगवलेला एक पंखा टेबलावर ठेवला होता. तेवढ्यात ताई आली. दाजींच्या मागे ती पहिल्यांदाच गॅरेजात येत होती. पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली.

“लोक अजून बोलतात रे, यांनी हयगय केली म्हणून. तीस वर्षं वाजवल्याशिवाय एक पंखा बसवला नाही त्या माणसाने! तू तिथेच होतास. खरं सांग, त्यांनी तुला विचारलं होतं का काही?”

सगळं सांगून टाकावं, ताईचे पाय धरावेत, असं काकांना आतून वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले.

“नाही गं ताई. मला नाही विचारलं.”

टण्...

ताईने मान वर केली. टेबलापाशी कुणीच नव्हतं.

टण्...

टण्...

काकांची पाचावर धारण बसली. नेहमी इथेच थांबायचं. आज...

ठप्प.

ताई घाबरली नाही. तिने पंख्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती काकांकडे बघत होती.

“आत तडा आहे,” ती हळूच म्हणाली. दाजी म्हणायचे तसंच. मग तिने पिशवी उचलली आणि निघून गेली.

बऱ्याच वेळाने काका टेबलाजवळ गेले. चौथ्या पात्यावरचा रंग नखाएवढा उडाला होता. त्यांनी पंखा उलटून पाहिला. भिंग लावून पाहिला. स्वतः पान्याने वाजवला.

टण्. चारही पाती धडधाकट होती.

त्यानंतर ताई आलेली नाही. काका अधूनमधून फोन हातात घेतात, तिचा नंबर काढतात. तेवढ्यात मागच्या खोलीतून तीन आवाज येतात. अगदी सावकाश, जणू कुणी वाट बघतंय.

चौथा यायच्या आत काका फोन खाली ठेवून देतात.