आतल्या खोलीला खिडकी नव्हती

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. माता मेरीची शपथ!

१८५८ चा फेब्रुवारी. न्यूयॉर्क, चेरी स्ट्रीट. तिसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत आमचं बिऱ्हाड. चारही बाजूंनी भिंती. खिडकी नाहीच.

एका संध्याकाळी माझ्या सासूबाई, सोरखा, गेल्या. त्यांना आयरिशशिवाय एक अक्षर येत नव्हतं. जाण्याआधी माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "नोरा, मला वाट करून दे गं. इथं अडकवू नकोस."

आमच्यात माणूस गेलं की आधी खिडकी उघडतात. जीव बाहेर पडायला नको?

"दारातून जाईल की," माझा नवरा फेलिम म्हणाला.

"आयर्लंडहून आल्यापासून त्यांनी कधी उंबरा ओलांडलाय का रे?"

दफन करून घरी आलो... आणि आवाज सुरू झाला.

सरर्र... सरर्र...

भिंतीवरून कुणीतरी तळहात फिरवत होतं. कोपऱ्यापर्यंत जायचं. थांबायचं. पुन्हा चाचपायचं.

फेलिम पांढराफटक पडला. "आई खिडकी शोधतेय."

मग रोज तेच.

एका रविवारी तो हात एकाच जागी थांबला... आणि तिथंच ठोकू लागला.

फेलिमने हातोडा घेतला.

"अरे, मालक हाकलून देईल!"

"देऊ दे! माझी आई आहे ती!"

गिलावा फुटला, फळ्या निखळल्या. भोक पडलं... आणि गार वारा माझ्या गालाला लागून गेला. आवाज बंद. मी हमसून हमसून रडले. सुटली बिचारी!

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खोलीतली जर्मन विल्हेल्मिना आली. भोकावरून भांडणार म्हणून मी कंबर कसूनच उभी होते. पण बाईने भोकाकडे बघितलंही नाही. कडेवर तिची लेक लोट्टे, जेमतेम दोन वर्षांची.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ही काय बोलते? ही आमची भाषा नाही."

लोट्टे माझ्याकडे एकटक बघत होती... मग आयरिशमध्ये बोलली. आवाज सासूबाईंचा.

"नोरा, इकडंही खिडकी नाही गं."

फेलिमने हातोडा उचलला. विल्हेल्मिनाला विचारलं, "तुमच्या भिंतीपलीकडे कोण राहतं?"

"बाळंतीण. कालच मोकळी झाली."

फेलिमने हातोडा खाली ठेवला.

आम्ही ती जागा सोडली. लोट्टे पुढे काय बोलली, मला ठाऊक नाही. कुणाला विचारायची हिंमतही झाली नाही.