काळवंडलेला नंदी

“तृप्ते, गच्चीवर ये लवकर! नंदी काळा पडला ना!”

मैत्रीण हिमानीची हाक ऐकताच तृप्ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावली. उद्या तान्हा पोळा! सौंसर गावातली पोरं आपापले लाकडी नंदी ओढत मिरवणार आणि तृप्तीच्या आजोबांचा, कवडूआबाजींचा नंदी सगळ्यांच्या पुढे असणार! त्यांच्या वडिलांनी तो हिंगुळानं रंगवला होता. इतकी वर्षं लोटली, तरी कसा लालभडक! आणि आज? त्याची एक अख्खी बाजू काळीकुट्ट!

तेवढ्यात विनोदकाका वर आले. तृप्तीचा मित्र राहुलही नुकताच तिथं आला होता; काकांची नजर थेट त्याच्या हातांवर गेली. राहुलचे वडील, गुलाबभाऊ, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांना मदत करून राहुल तसाच आला होता, तेलकट हातांनी.

“तूच सांडवलं ना बे ऑइल?”

“मी नाई काका! मी त आत्ताच आलो!”

“खोटं बोलून राहिला! निघ घरी! अन् उद्या नंदीच्या दोरीले हात लावून त पाह!”

राहुलनं तृप्तीकडे पाहिलं. दरवर्षी नंदीची दोरी दोघं मिळून ओढायची. पण काकांचा तो अवतार पाहून तृप्तीची दातखीळच बसली. राहुल खाली मान घालून निघून गेला.

“माझी जीभ काय झडली होती?” काका गेल्यावर तृप्तीला रडूच कोसळलं.

“रडून काय होते?” हिमानी म्हणाली. “आधी पाहू त खरं!”

दोघी वाकून पाहू लागल्या. ऑइलचा वास नव्हता, चिकटपणा नव्हता. तृप्तीनं नंदीच्या गळ्यातली घागरमाळ, घुंगरांचा तो चामडी पट्टा, उचलली आणि ती ओरडलीच, “हिमानी! पट्ट्याखाली लालच आहे! अन् पट्ट्यावर डाग नाई! ऑइल सांडलं असतं त पट्टा नसता भरला?”

“भिंतीकडची बाजूबी लाल आहे! म्हणजे जिकडं ऊन, तिकडं काळं!”

हिमानीची मीनामावशी छिंदवाड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. जुन्या रंगांवर तिचं संशोधन चाललं होतं. लगेच तिला फोन लावला!

“हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक,” मावशी म्हणाली. “चितारी तो रंगात घालत, वैद्य शुद्ध करून औषधात. पण तो उन्हानं काळवंडतो. त्यात क्लोरीन लागलं, तर फारच लवकर! कुणी ब्लीचिंग पावडरनं धुतला का? आणि खरवडू नका गं, पारा विषारी असतो! आधी हात धुवा!”

“मावशी, तो पुन्हा लाल होईल?”

“नाही गं पोरी. गेला तो रंग.”

दोघी हात धुवायला खाली गेल्या.

संध्याकाळी आबाजी आणि काका चहा पीत बसले असताना दोघी तिथं गेल्या. यंदा नंदी धुवायचं काम काकांकडे होतं. तृप्तीनं अगदी साळसूदपणे विचारलं, “काका, नंदीवरची धूळ किती मस्त निघाली होती! कशानं धुतला?”

काका खुलले. “ब्लीचिंग पावडर! धुतला, घागरमाळ घातली अन् ठेवला कडक उन्हात! अशी मेहनत लागते!”

आबाजींनी बशी खाली ठेवली. “उन्हात? माझ्या बापानं त्याले जन्मभर सावलीत ठेवला रे!”

मग तृप्तीनं सगळं सांगितलं. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

“शाबास पोरींनो!” आबाजी म्हणाले. “सावलीतच कायले, हे मी बापाले कधी विचारलं नाई, अन् विनोदले सांगतलं नाई. आता लाल नंदी कुठून आणू?”

काका दोघींना घेऊन राहुलच्या घरी गेले. “चुकलं माझं राहुल. उद्या दोरी तूच धर.”

“तुमी मले विचारलंबी नाई काका. हात पाहिले अन् हाकललं.”

तृप्ती पुढे झाली. “मीबी गप्पच राहिली, राहुल.”

“तेच त जास्त लागलं,” राहुल म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी अर्धा काळा नंदी मिरवणुकीत निघाला. “काय डोकं लावलं पोरींनी!” जो तो कौतुक करत होता. तृप्तीला त्यातलं काहीच गोड लागेना. चौकातल्या गर्दीत तिला राहुल दिसला. तो नुसता बघत उभा होता.

तिनं दोरी हिमानीच्या हातात दिली आणि ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. राहुल थोडा सरकला आणि त्यानं तिला जागा करून दिली.